चमच्याचे दोन दांडे

नळवाल्याने सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी केली, आणि तीही मन लावून. चारचौघांच्या चुका घाईगडबडीत होतात. याने मात्र खुर्ची खिडकीशी ओढली, चष्मा लावला, मांडीवर जुना टॉवेल पसरला आणि पॉलिश पेपर घेऊन अर्धा तास सावकाश ती चूक केली.

त्याचे बाबा जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, झोपेत गेला. कुणाला त्रास नाही, कुणाकडे काही मागणं नाही. मागणार तरी कसे? बाबांना आवाजच नव्हता. ऐन बाविशीत लढाईवरून परत आले ते गळ्यावर एक व्रण आणि घशात नुसती हवा घेऊन. जे काय बोलायचे ते कुजबुजत. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच मुळी 'कुजबुज' पाडलं होतं, आणि गल्लीने पाडलेलं नाव माणूस मेल्यावरच सुटतं. बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहायच्या कामावर त्यांनी तीस वर्षं काढली. तिथे ओरडायला दुसरे पुष्कळ होते.

तर त्या दिवशी नळवाला आणि त्याची बायको बाबांचं कपाट आवरत होते. तीन शर्ट, एक कोट, डेपोतून निवृत्त होताना मिळालेलं बंद घड्याळ. दाढीच्या सामानाच्या डब्यात तळाशी एक रुमाल निघाला, घट्ट गाठ मारलेला. गाठ सुटेना, तेव्हा बायकोने दातांनी सोडवली.

आत दोन धातूच्या पट्ट्या होत्या, वीतभर लांब. नळवाल्याने हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "चमचे आहेत हे. पुढची वाटी कापून टाकलीय." दांड्याच्या एका टोकाला बोथट आकडा वळवलेला, मासा पकडायच्या गळासारखा, पण टोक अजिबात नसलेला. दुसऱ्या टोकाला भोक, आणि त्या भोकांतून ओवलेली एक पिवळी पडलेली नाडी. नाडीने दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले. मागच्या बाजूला फौजेचा शिक्का. आणि अंगभर काळपट डाग, ओरखडे.

"कशाचं असेल हो?" बायकोने विचारलं.

"बघू," तो म्हणाला, आणि पॉलिश पेपर शोधायला गेला.

आता त्याचाही दोष नाही म्हणा. माणूस चाळीस वर्षं नळाचं काम करतो, तेव्हा धातू हातात आला की आधी तो साफ करायचा हे त्याच्या हाडात गेलेलं असतं. जोड कुठे आहे, चीर कुठे आहे, हे स्वच्छ केल्याशिवाय दिसत नाही, असं तो शिकाऊ पोरांना शिकवत आला होता. त्याने नाडी सोडली, एक दांडा घेतला आणि घासायला बसला. एका जागी ओरखडा खोल होता, कागद अडकत होता. हा पठ्ठ्या तिथे आणखी जोर लावून घासत राहिला. जित्याची खोड ती, जाते थोडीच! दांडा आरशासारखा झाला तेव्हा त्याने दुसरा उचलला, आणि नेमकी बायको चहा घेऊन आली.

"अहो! काय करताय? ही वस्तू कशाची ते कुणाला तरी विचारायचंय ना? आधी विचारा, मग घासा. उद्या पोलिसांनी तुम्हाला बोलावलं तर तुम्ही बोटांचे ठसे घासून जाल!"

"नीट दिसायला नको?"

"दिसलं का काही?"

काही दिसलं नव्हतं. त्याने दुसरा दांडा तसाच ठेवला. पुढे आयुष्यभर तो बायकोच्या त्या चहाचे उपकार मानणार होता, पण ते तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं.

ही वस्तू कशाची, हे कळायची एवढी तगमग का, ते सांगायला हवं. घरात एक गोष्ट होती, जी कुणी मोठ्याने बोलत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. बाबांच्या गळ्यावरचा व्रण कंठाच्या खाली, बरोबर मध्यभागी, सरळ आणि स्वच्छ होता. गोळी अशी लागत नाही. बॉम्बचा तुकडा असा लागत नाही. तसं कापायचं तर पातंच लागतं, आणि त्या लढाईत घरी सुटून यायला म्हणून कितीतरी पोरांनी स्वतःवर पाती चालवली होती. कुणी बोटं तोडली, कुणी पायात गोळी मारून घेतली. बाबांनी गळा चिरून घेतला, असं आत्या धरून बसली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा त्याच लढाईत गेला होता. "माझा माणूस तिथे मेला, आणि हा स्वतःचा गळा चिरून घरी आला," एवढं एकदाच म्हणाली, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं भावाशी बोलली नाही. बाबांनी कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण नळवाला स्वतः एकोणीस वर्षांचा असताना काम शिकायचं अर्धवट सोडून निघाला होता. उस्तादाने चारचौघांत कान उपटला, याला राग आला, याने पिशवी भरली. बाबा जेवता जेवता कुजबुजले, "असं पळू नये." आणि हा बोलून गेला, "पळायचं तुम्ही मला शिकवू नका. मी निदान स्वतःचा गळा तरी कापला नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला! बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि मोरीत धुवायला गेले. पुढे अडतीस वर्षं बापलेक एका घरात राहिले, एकमेकांना औषधं आणून दिली, नातीला दोघांनी मिळून सायकल शिकवली. पण ते वाक्य तिथेच पडून राहिलं. नळवाल्याला माफी मागायची होती. पण कशाची मागायची? खरं बोलल्याची, की खोटं बोलल्याची? हेच त्याला माहीत नव्हतं. आणि आता सांगणारा माणूसच गेला होता.

मग त्याची वणवण सुरू झाली. रोज कामावर जाताना रुमाल खिशात. हार्डवेअरवाला म्हणाला, खिडकीची कडी असेल. जुन्या वस्तू विकणारा म्हणाला, घोड्याच्या लगामाचं काहीतरी. माजी सैनिकांच्या कचेरीतल्या साहेबाने तर हातातही न घेता सांगितलं, "पोरांनी वेळ घालवायला केलेला चाळा आहे. तंबूत दुसरा उद्योग काय?" नळवाल्याच्या तोंडावर आलं होतं की साहेब, तुमचा उद्योग तरी आम्हाला कुठे दिसतोय; पण याआधी एकदा तोंड सुटल्याचं काय झालं ते आठवून तो गप्प बसला.

शेवटी हातच्या कामानेच वाट दाखवली. सरकारी दवाखान्यात वाफेच्या नळाची गळती काढायला त्याला बोलावलं होतं. तिथल्या तळघरात एक धारवाला बसतो. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या सगळ्यांना धार लावणं आणि वाकडं झालेलं सरळ करणं हे त्याचं काम. बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. जेवायच्या सुट्टीत दोघं एका बाकावर बसले, तेव्हा नळवाल्याने सहज रुमाल सोडला.

धारवाल्याने चपाती खाली ठेवली. हात पुसले. न घासलेला दांडा घेऊन आकड्यावरून अंगठा फिरवला.

"हे वळण हौशी माणसाचं नाही," तो म्हणाला. "आतली कड बघ, गोल केलीय, मांसाला लागू नये म्हणून. जखमेच्या कडा बाजूला धरायला असे आकडे असतात. माझ्याकडे येतात ना रोज, पण ते विकतचे. हा कुणीतरी चमच्यातून केलाय." मग त्याने दांडा उजेडात तिरपा धरला. "आणि या रेघा?"

"ओरखडे आहेत ते."

"ओरखडे वेडेवाकडे असतात रे. या एका रांगेत आहेत. आणि एका हाताच्या नाहीत." त्याने नखाने एकेक दाखवायला सुरुवात केली. "ही चाकूने ओढलीय. ही खिळ्याने, बघ तळाला गोल आहे. ही टाचणीने, चार वेळा गिरवून. ही डावखुऱ्याची, उलट्या बाजूने कललीय. ही ओढताना हात थरथरत होता." तो मोजत गेला. "तेरा. तेरा जण, किंवा तेरा हत्यारं. या दुसऱ्यावर किती होत्या?"

नळवाल्याने चकचकीत दांड्याकडे पाहिलं. 

"मी घासला तो," तो म्हणाला.

धारवाला चांगला माणूस. रुमालाची घडी घालून परत देताना एवढंच म्हणाला, "मागे चाळीत जुनी सिस्टर राहते, तिसऱ्या मजल्यावर. बावीसचा दरवाजा. लढाईच्या वेळी तंबूच्या दवाखान्यांत होती. तिला दाखव. ओरडेल, पण सांगेल."

सिस्टर ओरडलीच. ब्याऐंशी वर्षांची, वाळून काटकी झालेली बाई, पण दार उघडलं तेच त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी बघून, "नळ परवाच दुरुस्त झालाय, कशाला आलास?" असं म्हणत. नळवाल्याने रुमाल उघडला. तिने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, दिवा लावला आणि दोन्ही दांडे त्याखाली धरून उलटसुलट पाहिले.

"हा कुणी घासला?"

"मी."

"शहाणाच आहेस." तिने तो दांडा बाजूला ठेवला. "कुणाचा गळा?"

"माझ्या वडिलांचा," तो म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की गळ्याचं नाव त्याने काढलंच नव्हतं. "सिस्टर, त्यांनी स्वतःच... म्हणजे लोक म्हणायचे..."

"लोकांच्या तोंडाला काय लागतं? घटसर्प झाला असणार त्यांना. त्या वर्षी छावण्याच्या छावण्या आजारी पडल्या. घशात पडदा धरतो, माणूस डोळ्यांदेखत गुदमरतो. मग डॉक्टर इथे कापायचे," तिने स्वतःच्या कंठाखाली बोट ठेवलं, "सरळ, मधोमध, श्वास आत जावा म्हणून. खरं तर त्यात एक नळी बसवतात. पण नळ्या होत्या कुठे? आमच्या तंबूत दोन होत्या, आणि गुदमरणारे चाळीस. मग चमचे कापायचे. दोन्ही बाजूंनी आकडे लावायचे, नाडी मानेमागे बांधायची, आणि भोक उघडं ठेवायचं. जीव राहायचा, आवाज कित्येकांचा जायचा."

नळवाला खुर्चीवरून पुढे सरकला होता. पाइप, भोक, वाट मोकळी ठेवणं, ही सगळी त्याचीच भाषा होती. साठ वर्षांचा डोंगर एका म्हातारीने चार वाक्यांत उपसून बाजूला ठेवला होता. गोळी नाही, पातं नाही, पळणं नाही. आजार. एका बाविशीच्या पोराला श्वास घेता यावा म्हणून डॉक्टरने दिलेली एक चीर.

"मग ते बोलले का नाहीत?" तो जवळजवळ ओरडलाच. "एका शब्दाने सांगायचं होतं! लाज कसली त्यात?"

"थांब. माझं झालं नाही." सिस्टरने खाटेवरचा टॉवेल गुंडाळून घट्ट वळकटी केली, ती मांडीवर ठेवली, घडीच्या फटीत दोन्ही आकडे अडकवले आणि म्हणाली, "धर. दोन बोटांनी एक, दोन बोटांनी दुसरा. नाडीवर भरवसा ठेवायचा नाही, रोगी खोकला की आकडा निसटतो. फट एवढीच उघडी हवी. जास्त ताणलंस तर फाटेल, सैल सोडलंस तर गुदमरेल. हं, आता मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

नळवाल्याने धरलं. चाळीस वर्षं नळांवर पाना फिरवलेले हात त्याचे, त्यात काय मोठंसं! सिस्टर उठली, चहा टाकला, दूध तापवलं, खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं. याच्या मनगटात कळ आली. मग खांद्यात. मग बोटं आपोआप थरथरायला लागली आणि कपाळावरचा घाम पुसायला तिसरा हात नव्हता.

"किती झालं?" त्याने विचारलं.

"अकरा मिनिटं. पाळी दोन तासांची असायची. सोड आता."

त्याने सोडलं. बोटं सरळ होईनात.

"आम्ही दोघी नर्स होतो, आणि छावणीत सगळे मिळून रोगी दोनशे," सिस्टर चहा ओतता ओतता म्हणाली. "आम्ही कुठे कुठे बसणार? बसायचे ते शिपाईच. पाय मोडलेले, चालता येत नाही पण हात धड आहेत असे. खुरडत यायचे आणि पाळी घ्यायचे. घशातला पडदा सुटून वर आला की तो चिंधीने टिपायचा. रोगी खोकला की ते सगळं बसणाऱ्याच्या तोंडावर. रोग लागणारा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही आधी सांगायचो, नको असेल तर बसू नका. पाळी संपली की एकेक दांडा काढून उकळत्या पाण्यातून काढायचा, आणि तेव्हा बसणाऱ्याने त्यावर एक रेघ ओढायची. डॉक्टर फेरीवर आले की रेघा मोजायचे, किती तास निघाले ते कळायचं. कागद हरवतो. दांडा कुठे जाणार?"

नळवाल्याने न घासलेला दांडा उचलला. चाकूची रेघ. खिळ्याची. डावखुऱ्याची. टाचणीने चार वेळा गिरवलेली. तेरा वेळा कुणीतरी कुठूनतरी खुरडत आलं होतं, बाबांच्या उशाशी बसलं होतं आणि दोन तास आपली बोटं हलू दिली नव्हती. ओळख ना पाळख. त्यातला एकजण जरी कंटाळून म्हणाला असता, मरू दे, माझा पाय दुखतोय, तर बाबा गेले असते. आणि बाबा गेले असते तर हा स्वतः, त्याची मुलगी, परवाच जन्मलेला तिचा मुलगा, सगळं घरच्या घर झालंच नसतं. त्याला एकदम इतकं भरून आलं की काय करावं ते सुचेना. आभार मानायला समोर कुणी असावं लागतं. समोर फक्त सिस्टर होती, म्हणून तो तिलाच म्हणाला, "थँक्यू."

"मला कशाला? मी दुसऱ्या छावणीत होते." पण तिने त्याचा हात थोपटला.

"ही एक वेगळी आहे," तो म्हणाला. चौथ्या रेघेवर एक आडवी रेघ होती, तिला छेदून गेलेली. "चुकून ओढली म्हणून खोडली का?"

सिस्टरने दांडा घेतला नाही. लांबूनच पाहिलं.

"तो बसणारा नंतर गेला," ती म्हणाली. "त्याच आजाराने. आडवी रेघ मारायचा तो रोगी स्वतः, बरा झाल्यावर. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. आमच्याकडेही करायचे. तू विचारलंस ना, का बोलले नाहीत? आता तूच सांग, काय बोलायचं होतं त्यांनी?"

नळवाल्याची नजर चकचकीत दांड्याकडे गेली. त्याला आठवलं, घासताना एका जागी कागद अडकत होता. खोल ओरखडा. याने जोर लावला होता. तिथे काय होतं, किती होत्या, त्यातल्या कितींवर आडवी होती, हे आता जगात कुणालाही कळणार नव्हतं. अख्खी ओळच्या ओळ माणसं त्याने अर्ध्या तासात पुसून टाकली होती, आणि वर फुंकर मारून धूळ उडवली होती.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. घासल्याचं, आणि त्याआधीचं, एकोणीस वर्षांचा असताना बोललेलं वाक्यसुद्धा. बायकोलाही त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. सत्तावन्न वर्षांचा बाप्या परक्या बाईच्या खोलीत बसून रडला.

"त्यावर बापाने काय केलं?" सिस्टरने विचारलं.

"ताट उचललं आणि धुवायला गेले."

"मग झालं की! ताट धुवायला माणूस जिवंत लागतो. पोरगं उलट बोलण्याइतकं मोठं झालेलं बघायला जिवंत लागतो. ते लोक बसले कशासाठी होते असं तुला वाटतं? आणि किती होत्या, किती होत्या, म्हणून जीव काढू नकोस. रेघा गेल्या, माणसं बसली होती ती बसलीच होती. चहा घे, गार होतोय."

त्याने चहा घेतला. तिच्याकडचा नळ खरंच नीट आहे ना ते जाताना बघितलं, आणि नव्हता, म्हणून दुरुस्त करून दिला.

तिथून तो तडक आत्याकडे निघाला, आणि रस्ताभर त्याचा पारा चढत गेला. एकोणीस वर्षं! सख्खा भाऊ! पुरावा ना काही, नुसता एक व्रण बघून? नंतर बोलायला लागली ती तरी कशी, तर 'जेवलास का' आणि 'निघालास का', बस्स. आज तिला चांगलं ऐकवायचं, असं ठरवूनच तो जिना चढला. बाबांना ओरडता येत नव्हतं. याला येत होतं.

आत्या शहाऐंशी वर्षांची. डोळे गेल्यातच जमा, कानही जेमतेम. खिडकीशी खुर्चीत बसली होती, गुडघ्यावर शाल. पावलावरून तिने ओळखलं. "ये रे. जेवलास का?"

त्याने उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य आपोआप भांडल्यासारखंच येत होतं. घटसर्प. डॉक्टरने कापलं. चमचे. पाळ्या. तो रेघांपर्यंत आला तेव्हा तिने हात पुढे केला. त्याने तो दांडा तिच्या हातात दिला.

आत्याने नखाने रेघा चाचपल्या, एकेक करून. चौथीवर नख अडलं.

"ही आडवी का?"

ते मोठ्याने सांगणं त्याच्याने होईना. तो खाली बसला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजत सांगितलं.

आत्याने नख त्या रेघेवरून काढलं. ऐकवायचं ठरवलेलं सगळं नळवाल्याच्या ओठावर होतं, ते त्याने गिळलं. 

"मी त्याला एकदा विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "दार लावून, जवळ बसवून, एकदा. मी विचारलंच नाही रे. मला राग हवा होता. माझा माणूस गेला होता, मला कुणावर तरी रागवायचं होतं, आणि हाच तेवढा जिवंत परत आलेला."

"मीही नाही विचारलं, आत्या. मी तर बोललो."

ती पुन्हा चौथ्या रेघेशी गेली. "याचीही कुणी असेल ना? बायको, आई? तिला कुणी कळवलं असेल का, तो कुणासाठी बसला होता ते?"

"माहीत नाही."

"माझ्या माणसाचं मला एक पत्र आलं. दोन ओळी. कसा गेला, कुठे, काही नाही." तिने तोंड त्याच्याकडे वळवलं. "त्याच्याजवळ असं कुणी बसलं असेल का रे? शेवटी?"

नळवाला खोटं बोलणार होता. हो, नक्की बसलं असेल, असं म्हणणार होता. पण त्यांच्या घरात माहीत नसताना बोललेल्या गोष्टींनी पुष्कळ नासधूस केली होती.

"मला माहीत नाही, आत्या," तो म्हणाला. "पण बसणारे असतात. एवढं मला आज कळलं. पाय मोडलेले असले तरी येतात आणि बसतात."

आत्याने मान हलवली. मग तिने तो दांडा दोन्ही हातांत घेतला, तोंडाजवळ नेला, आणि ज्याचं नाव तिला माहीत नव्हतं, जो तेव्हा असून असून वीस-बावीस वर्षांचा असेल, त्याला म्हणाली, "बाळा, माझा भाऊ मला परत दिलास. मीच घेतला नाही रे. फार उपकार झाले तुझे."

नळवाला तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसून राहिला. थोड्या वेळाने तिने दुसरा दांडाही मागितला, आणि तो कोराच आहे असं त्याने सांगितलं तरी त्यावरूनही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत राहिली.